मिशीवाल्या मामांचा रंग

समुद्रावर संशोधन करणाऱ्या केंद्रात काकूंची सगळी नोकरी झाली, पण काकू समुद्रावर एकदाही गेल्या नव्हत्या. हे कोणाला सांगून खरं वाटायचं नाही. खिडकीतून समुद्र दिसायचा, खाऱ्या हवेने खिडक्यांच्या कड्या गंजायच्या, भरतीला लाटांचा आवाज थेट टेबलापर्यंत यायचा. पण काकूंचा समुद्र म्हणजे फॉर्मॅलिनच्या बरणीत मावेल तेवढा. बरणी उघडायची, बारीक गाळणीतून ओतायची, नळाखाली हलक्या हाताने धुवायची, काचेच्या बशीत घ्यायची आणि मायक्रोस्कोपखाली बघत चिमट्याने एकेक जीव वेगळा करायचा. कोणत्या जातीचे किती निघाले ते मांडून ठेवायचं. झालं काम. हे एवढंसं काम करता करता केस पिकले आणि चष्मा जाड झाला.

सगळे त्यांना चिमटाकाकू म्हणत. हातातल्या चिमट्यामुळे की जिभेमुळे, यावर केंद्रात दोन तट होते. काकूंना दोन्ही मान्य होते.

त्या काळी निवडणाऱ्या बायकांचा हॉल नुसता गजबजलेला असायचा. खिडक्यांना लागून लांब टेबलं, टेबलावर दिवे, दिव्यांखाली वाकलेली डोकी. बशीत केस पडू नये म्हणून प्रत्येकीने डोक्याला रुमाल बांधायचा असा नियम होता. फॉर्मॅलिनच्या वासाने पहिले काही महिने डोळ्यांतून पाणी यायचं, पुढे वास येईनासा व्हायचा. म्हणजे आपल्याला. घरी जाताना बसमध्ये शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची, आणि नोकरीतली ही एक सोयच आहे असं काकू मानत.

जीवांची खरी नावं लांबलचक, परक्या भाषेतली. ती म्हणता म्हणता जिभेला गाठ पडायची. म्हणून हॉलमध्ये त्यांची दुसरी नावं चालत. तांदळाच्या कणीएवढे, डोक्यावर लांब मिशा असलेले ते मिशीवाले मामा. सुईसारखे सरळसोट ते दाभणराव. फुगलेल्या, पोकळ, काही न करता जागा अडवून बसणाऱ्या त्या आत्याबाई. "आज आत्याबाईंनी उच्छाद मांडलाय बघ," असं एकीने म्हटलं की बाकीच्यांना कळायचं, आज चहाला उशीर होणार. कागदावर मात्र सगळी खरी नावं जात आणि त्यात कधी चूक निघत नसे.

हे सगळं कशासाठी, ते काकूंना मॅडमनी सांगितलं होतं. मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. आल्या तेव्हा पोरसवदा होत्या, पण समजावून सांगायची हातोटी मोठी. तळाचं गार पाणी वर आलं की मामा वाढतात. मामा वाढले की मासे वाढतात. पाणी तापलं की मामा कमी होतात आणि आत्याबाईंचं राज्य येतं. मग किनाऱ्यामागच्या शेतांवर पाऊसही भलत्याच वेळी पडतो. शेजारच्या इमारतीत मातीवाले बसत. ते शेतातली माती आणून तिच्यात मीठ किती चढलं ते बघत, कुंड्यांमध्ये पिकं वाढवत आणि एक झाड वाळलं तरी सुतक असल्यासारखे वावरत. पावसाचे आकडे, मातीचे आकडे आणि काकूंच्या मामांचे आकडे मॅडम एकाच लांब कागदावर एकाखाली एक काढायच्या. तीन रेघा वर्षानुवर्षं हातात हात घालून वरखाली जाताना दिसायच्या. काकू तो कागद बघत आणि म्हणत, "म्हणजे पिकाचं सगळं आमच्या मामांच्या मिशीवर अवलंबून." मॅडम म्हणायच्या, "अगदी तसं नाही, काकू." पण खोडूनही काढत नसत.

बरण्या आणायचे थापाडे.

ते त्यांचं आडनाव नव्हे. केंद्राच्या बोटीवर ते खलाशी होते, आणि बोलण्यात इतकं तिखटमीठ घालत की नाव पडलं ते पडलंच. पगाराच्या कारकुनाने एकदा यादीतही तसंच लिहिलं. वादळात बोट उलटायला आली तेव्हा खालून माशांनी टेकू दिला, ही त्यांचीच गोष्ट. दर वेळी ती सांगताना मासे थोडे मोठे व्हायचे. बोटीवर त्यांचं काम जाळी ओढायचं. लांबट पिशवीसारखी, पीठ चाळायच्या चाळणीहून बारीक जाळी. ती वर आली की तिच्यातलं बरणीत ओतायचं आणि लगेच वरून फॉर्मॅलिन. तिथे क्षणाचीही सवलत नव्हती. नाहीतर उन्हात सगळं नासतं आणि कोणी कोणाला खाऊन टाकतं ते वेगळंच.

बरण्यांची पेटी हॉलमध्ये ठेवली की थापाड्यांचं काम संपायचं. पण ते निघायचे नाहीत. काकूंच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. तेव्हा काकू अर्थातच काकू नव्हत्या. निळा रुमाल बांधणारी, मान न उचलता बोलणारी मुलगी होती.

"आज तुमचे मामा लालभडक होते बरं का," ते म्हणायचे.

"मामा पांढरे असतात. ओल्या पिठाच्या रंगाचे. हे बघा."

"ते बाटलीत. जिवंतपणी लाल असतात. जाळी वर आली की आत निखारे भरल्यासारखं दिसतं."

"आणि जाळी जळत नाही वाटतं?"

अख्खा हॉल फिदीफिदी हसायचा. थापाडेही हसायचे. केंद्राच्या ग्रंथालयात पुस्तकं होती, पण त्यांत चित्रं काळ्या शाईच्या रेघांची, आणि फोनमध्ये चित्रं यायला अजून पुष्कळ अवकाश होता. मग त्या माणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? ज्याच्या बोटीला मासे टेकू देतात, त्याचे मामा लाल असले काय आणि जांभळे असले काय.

एकदा हॉलमध्ये दुसरं कोणी नसताना ते आवाज उतरवून म्हणाले, "एक निळाही असतो. कधीतरीच दिसतो. दिसला की गेलाच. अगदी तुमच्या या रुमालासारखा निळा."

काकूंनी वर पाहिलं नाही. ती बशी मात्र त्यांना परत पहिल्यापासून मोजावी लागली.

यथावकाश लग्न झालं. फॉर्मॅलिनचा वास दोघांच्याही कपड्यांना असल्यामुळे तक्रार करायची सोय कोणालाच राहिली नाही. एका दुकानाच्या वर दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदराचा एक तुकडा दिसायचा. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि बापाच्या गोष्टी ऐकून आईच्या तोंडाकडे बघायला शिकली. आईने नाक मुरडलं की समजायचं, थाप.

लाल रंगाचा वाद घरातही आला. जेवताना निघायचा, भांडी घासताना निघायचा, पाहुण्यांसमोर तर हमखास निघायचा. एकदा थापाड्यांनी निकाल लावायचाच असं ठरवलं. चहाच्या थर्मासमध्ये समुद्राचं पाणी आणि जिवंत मामा भरून, झाकण घट्ट लावून, थर्मास छातीशी धरून ते बसने घरी आले. लेकीला हाक मारली, बायकोला बसवलं, पांढरी बशी मांडली आणि मोठ्या ऐटीत ओतलं. बशीत गढूळ पाणी आणि तळाला पिठूळ गाळ. वाटेतल्या उकाड्यात मामा केव्हाच गेले होते.

"लाल आहेत हो, लालच आहेत," काकू म्हणाल्या. लेक हसून लोळली. थापाडे बशीकडे बघत राहिले आणि मग तेही हसले. थर्मासचा वास काही गेला नाही. पुढे त्यातला चहा कोणी पीत नसे, पण काकूंनी तो फेकलाही नाही.

बोटीवर जाऊन बघायचं तर बायकांना बोटीवर नेत नसत. तो नियम उठला तेव्हा लेक लहान होती. लेक मोठी झाली तेव्हा काकूंना आपण बोटीवर काय करणार असं वाटायला लागलं. बरण्या टेबलावर येत होत्या की. माणसाचं असंच होतं. दार उघडं असलं की आत जायची घाई राहत नाही.

थापाडे निवृत्त झाले तेव्हा चांगले खणखणीत होते. मग छातीचं दुखणं लागलं. आधी जिना चढवेना, मग बंदरापर्यंत फेरी होईना, मग खुर्ची खिडकीशी आली ती तिथेच राहिली. बोलणं मात्र चालू होतं, दोन वाक्यांमध्ये श्वास घेत घेत. डॉक्टरांनी लेकीला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं की पुढचा उन्हाळा ते बघतील असं धरून चालू नका. लेकीने आईला सांगितलं. थापाड्यांना कोणीच सांगितलं नाही, आणि ते सगळं समजून होते.

त्याच सुमारास केंद्राची बोट मोडीत काढायचं ठरलं. आता पाण्यात यंत्र सोडणार होते, ते आपणच फोटो काढणार आणि आपणच मोजणार. हॉलमध्ये निम्म्या टेबलांवर आच्छादनं पडली होती. काकूंचीही निवृत्ती तोंडावर आली होती. बोटीची शेवटची फेरी आहे, एवढं त्यांनी घरी चहा ओतता ओतता सांगितलं.

थापाड्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तू जा."

"कुठे?"

"बोटीवर. बघून ये."

"तुम्हाला असं सोडून? काहीतरीच काय!"

"अगं, एका दिवसाचा प्रश्न. लेक येऊन बसेल." त्यांनी श्वास घेतला. "जन्मभर थापा मारल्या, कबूल. माशांनी टेकू दिला नव्हता. पण लाल खरं होतं गं. तेवढं एक तरी तू मानावंस, असं वाटतं."

काकूंनी किटली खाली ठेवली. आपण हसण्यावारी नेलेली गोष्ट या माणसाच्या मनात इतकी वर्षं सलत होती, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना भडभडून आलं. "मानलं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "चला, लाल तर लाल. मानलं."

"तसं तोंडदेखलं नको," थापाडे म्हणाले. "डोळ्यांनी बघ, आणि मग सांग. मी आहे तोवर."

दुसऱ्या दिवशी काकू मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडमचेही केस आता पांढरे झाले होते. "बोटीवर यायचंय मला," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत!" मॅडम चकित झाल्या. "तुम्ही कधी विचारलं नाहीत," काकूंनी चिमटा काढला. त्यांना घेतलं.

फेरीच्या दिवशी उजाडता उजाडता त्या धक्क्यावर हजर. लेकीने दिलेला स्वेटर, पिशवीत लिंबू आणि हॉलमधल्या सगळ्यांचे सल्ले. बंदराबाहेर पडल्याबरोबर पोटात ढवळायला लागलं. लिंबू संपलं, सल्ले संपले, आणि काकूंनी कठड्याला धरून पोटातलं सगळं समुद्राला अर्पण केलं. कप्तान थापाड्यांच्या जुन्या दोस्तांपैकी. तो अदबीने दुसरीकडे बघत म्हणाला, "वहिनी, पहिल्या दिवशी त्यांचंही असंच झालं होतं. त्यांनी सांगितलं असेल ना?" त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं की पहिल्याच दिवशी आपण सुकाणू हातात घेतलं. काकूंना तेवढ्यातही हसू आलं.

खूप आत गेल्यावर बोट थांबली. जाळी खाली गेली, दोरखंड कुरकुरत राहिला, आणि मग दोरखंड गुंडाळायचं चाक उलटं फिरायला लागलं. एक तरुण खलाशी फॉर्मॅलिनची बाटली उघडून तयारच उभा होता. हातात बरणी, नजर जाळीवर. थापाडे असेच उभे राहत असणार.

"थांब रे बाबा," काकू म्हणाल्या. "आधी मला बघू दे."

खलाशाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. जाळीतलं सगळं पांढऱ्या ताटात ओतलं गेलं.

काकूंचं पहिलं लक्ष गेलं ते रंगाकडे नाही. ते सगळे हलत होते! ज्यांना आयुष्यभर चिमट्याने उचलून रांगेत झोपवलं, ते टुणटुण उड्या मारत होते, एकमेकांवर आपटत होते, नजर ठरू देत नव्हते. काकू वाकल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाकल्या. ताटात चिमुकले, लालकेशरी ठिणग्यांसारखे जीव नाचत होते. त्यांची पाठ उजेडात तेलकट चमकत होती.

"मॅडम, हे कोण?" त्या म्हणाल्या. "हे आपल्याकडे कधी आले नाहीत. नवीन जात दिसते."

मॅडम वाकल्या आणि त्यांना हसू आवरेना. "काकू, मिशा बघा की! तुमचे मामाच हे."

काकूंनी मिशा पाहिल्या. लांब, दोन्हीकडे पसरलेल्या, रंगीत. लाखांनी मोजलेले आपलेच मामा, आणि आपण त्यांना परके म्हणालो. दाभणराव तर काचेसारखे आरपार. दोन काळे ठिपके पळताना दिसले म्हणून कळलं की आहेत. आत्याबाई ताटाच्या कडेला नुसता पाण्याचा बुडबुडा वाटत होत्या. ओळखीचं असं एक तोंड त्या ताटात नव्हतं.

लाल होते. खरोखर लाल होते. म्हणजे त्या माणसाने रोज हा रंग बघायचा, आपल्याच हाताने त्याच्यावर फॉर्मॅलिन ओतायचं, तो विझताना बघायचा, आणि मग हॉलमध्ये येऊन लाल होते म्हणून सांगायचं आणि हसून घ्यायचं. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. फॉर्मॅलिनची बाटली उघडी होती, तेवढं निमित्त बरं झालं.

मग त्या निळा शोधायला लागल्या. लालच्या वादात हॉल होता, पाहुणे होते, लेक होती. निळ्याबद्दल त्यांनी कोणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं, घरातही नाही. दुसरी जाळी आली, तिसरी आली. दर ताटावर त्या वाकून बसल्या. ऊन कलायला लागलं तसं त्यांनी सहज विचारल्यासारखं करून मॅडमना विचारलं, "यांच्यात निळा असतो का हो एखादा?"

"आपल्या या पाण्यात तरी मी कधी पाहिला नाही," मॅडम म्हणाल्या. "का?"

"काही नाही. आपलं उगाच."

संध्याकाळी काकू घरी आल्या तेव्हा थापाडे खिडकीशी तसेच बसले होते. बोट बंदरात शिरताना त्यांनी पाहिली होती. लेक चहा टाकायला आत गेली. काकूंनी स्वेटरसुद्धा न काढता खुर्ची ओढली.

"मग?" थापाडे म्हणाले.

"लाल," काकू म्हणाल्या. "लालभडक. निखारे भरल्यासारखे. मी ओळखलंच नाही हो त्यांना. तुम्ही खरं सांगत होतात. माझं चुकलं."

थापाड्यांनी डोळे मिटले. छाती वरखाली होत राहिली, आणि चेहऱ्यावर असं काही पसरलं की काकूंना वाटलं, हे बघायला आपण फार उशीर केला. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण इतकी वर्षं या माणसाला आपण खोटं पाडलं, आता काही हातचं ठेवायचं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"आणि निळाही दिसला," त्या म्हणाल्या.

थापाड्यांनी डोळे उघडले. "कुठे?"

"ताटाच्या कडेला. दिसला आणि गेला."

जन्मभर ज्यांच्या मोजणीत चूक निघाली नाही, त्या काकूंची ही पहिलीच थाप. आणि थापाडे हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, खोकला येईपर्यंत. काकूंनी पाठीवरून हात फिरवला तरी थांबेनात.

"अगं, निळा कुठला आलाय!" ते धापा टाकत म्हणाले. "निळा मी बनवला होता. तुझ्या टेबलाशी थांबायला काहीतरी बोलायला नको का? तुझ्या डोक्याला निळा रुमाल होता, म्हणून म्हटलं निळा. हिरवा असता तर हिरवा म्हटलं असतं."

काकूंनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"म्हणजे लाल खरा, आणि निळी तेवढी थाप?"

"हो तर."

"मग मी सगळं उलटंच धरून चालले होते," काकू म्हणाल्या.

"उलटं म्हणजे?"

"लाल मला थाप वाटायची. निळ्यावर तेवढा माझा विश्वास होता."

थापाडे हसायचे थांबले. लेक चहा घेऊन दारात आली, तिने दोघांकडे पाहिलं, आणि पेले घेऊन पुन्हा आत गेली.